उतारावरचा मुक्काम

“तरंगा कोठे शे?” अब्बांनी बाहेरून विचारलं.

“हिरवामा,” मी आतून सांगितलं.

“मंग बरं शे.”

बॅटरीतलं ॲसिड तपासायची एक काचेची नळी असते. वर रबरी फुगा, आत छोटा तरंगा, त्या तरंग्यावर रंगांचे पट्टे. फुगा दाबून नळीचं टोक बॅटरीच्या भोकात घालायचं आणि फुगा सोडायचा. ॲसिड वर चढतं, तरंगा उठतो. हिरव्यावर आला तर बॅटरी भरलेली, लालवर अडला तर बसलेली. हे मला सातव्या वर्षापासून येतं. त्या वयात बाकीच्या मुली भाकरी थापायला शिकतात. मला भाकरी अजून जमत नाही, तरंगा मात्र डोळे मिटूनही सांगेन.

आज शुक्रवार. दुपारी भंगारवाला क्रेन घेऊन येईल आणि हा डबा घेऊन जाईल. नंदुरबारच्या बाहेर, मिरची वाळवायच्या मोठ्या पथारींना लागून असलेल्या या मोकळ्या प्लॉटवर डबा पंचवीसेक वर्षं उभा होता. मालकाला आता इथे घर बांधायचं आहे. त्याने फार सभ्यपणे सांगितलं, अब्बांनीही सभ्यपणे ऐकलं. मी धुळ्याला शाळेत शिकवते. दोन दिवसांची रजा काढून डबा रिकामा करायला आले आहे.

आणि अब्बांना एक गोष्ट सांगायला. ती गोष्ट मी बत्तीस वर्षं सांगितलेली नाही. अब्बा ऐंशीला टेकले आहेत. डबा गेला की ती सांगायला जागा उरणार नाही, असं मला वाटतं. धुळ्याहून येताना बसमध्ये मी ती तीनदा मनात म्हणून पाहिली. काही वाटलं नाही. हजेरी घेतल्यासारखी म्हणून झाली.

बाहेर मिरची वाळते आहे. वारा फिरला की ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं. या पाण्याचा काही अर्थ नसतो, इथे राहणाऱ्या सगळ्यांना ते येतं.

डबा म्हणजे मुळात चार चाकांची ट्रॉली. तिच्यावर अब्बांनी स्वतः लोखंडी अँगल उभे केले, प्लायवूडच्या भिंती ठोकल्या, वर पत्रा घातला. मागच्या अर्ध्या भागात रुई पिंजायचं यंत्र आणि ते चालवायचं छोटं डिझेल इंजिन. पुढच्या अर्ध्या भागात अब्बा, अम्मी आणि मी. दिवाळी झाली की आमच्या जुन्या ट्रकच्या मागे हा डबा जोडून आम्ही निघायचो ते होळीला परत यायचो. आम्ही पिंजारी. लोकांच्या गाद्या उसवायच्या, निजून निजून दगड झालेली रुई पिंजून मोकळी करायची आणि पुन्हा भरून, टाके घालून द्यायची. रनाळे, प्रकाशा, ब्राह्मणपुरी, मधली लहान गावं. शाळेचं काय, असं विचारू नका. माझी हजेरी गुरुजी दयाबुद्धीने लावत, आणि त्या दयेचीच परतफेड मी आता पगार घेऊन करते आहे.

रुईचा एक वास असतो, लोकांना तो माहीत नसतो. नव्या रुईला सरकीच्या तेलाचा, जुन्या रुईला माणसांचा. अम्मी गादी उसवायची आणि नाक जवळ नेऊन सांगायची, हिच्यावर म्हातारं माणूस निजत होतं, हिच्यावर बाळ. यंत्र सुरू झालं की पांढरा धूर उठावा तशी रुई उडायची. ती वरणात पडायची, पापण्यांवर बसायची. जेवताना जिभेवर केस आल्यासारखं व्हायचं आणि तो केस कधी सापडायचा नाही. दिवसाअखेर आम्ही तिघंही पांढरे झालेले असायचो. अम्मी म्हणायची, चला, आज पुन्हा म्हातारे झालो.

गावात वीज असायची, पण ती गावात. आमचा मुक्काम गावाबाहेर. डब्यातला बल्ब ट्रकच्या बॅटरीवर चालायचा. ट्रकच्या पायरीजवळच्या लोखंडी पेटीतून दोन वायरी निघून डब्याच्या खिडकीतून आत यायच्या आणि टोकाला बारा व्होल्टचा पिवळा बल्ब लटकायचा. तीच बॅटरी सकाळी ट्रक सुरू करायची. म्हणजे आम्ही जेवढा उजेड खाल्ला तेवढी सकाळ कमी. अब्बांचं एकच वाक्य होतं, दिवेलागणीला ते न चुकता म्हणायचे, “सकायले गाडी चालू व्हवाले जोयजे. बाकीनं अंधारामा बी चालस.”

आमच्या घरची बोली खरं तर दखनी, पण पिढ्यान् पिढ्या खेड्यांत गाद्या भरून भरून अहिराणीच घरात शिरली होती. अब्बा देवाशी अरबीत बोलायचे, पोलिसाशी हिंदीत, आणि बाकी साऱ्या जगाशी अहिराणीत. बॅटरीशीसुद्धा.

दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाआधी बॅटरीची आंघोळ असायची. स्वतःच्या आंघोळीआधी तिची. टोकांवर साठलेली पांढरी-हिरवी भुकटी अब्बा सोड्याच्या गरम पाण्याने धुवायचे, ती फसफसायची, आणि आंबट, नाकात चढणारा वास सुटायचा. मग फडक्याने कोरडं करून टोकांना व्हॅसलिन. मग सहा भोकांची सहा झाकणं उघडून बिस्मिल्ला म्हणत पाणी घालायचं. ते पाणीही साधं नाही. पावसाळ्यात अम्मी पहिले चार-पाच पाऊस सोडून द्यायची, पत्रा धुऊन निघाला की मग पागोळीखाली धुतलेलं मलमल बांधून पाणी धरायची आणि काचेच्या बाटल्यांत भरून ठेवायची. त्या बाटल्यांना हात लावायची मला बंदी होती. ईदचं अत्तर एक वेळ मी चोरून लावलं, पण बॅटरीचं पाणी नाही.

आमच्या सगळ्या कपड्यांना ॲसिडची बारीक भोकं होती. अम्मी प्रत्येक भोकावर रंगीत दोऱ्याने एक फूल काढायची. माझ्या निळ्या फ्रॉकवर अशी अकरा फुलं झाली होती आणि वर्गातल्या मुलींना तो भरतकामाचा फ्रॉक वाटायचा. मी वाटू दिलं.

उजेड वाचवायची अम्मीची स्वतःची तऱ्हा होती. दिवसा उन्हात बसून ती बारा सुयांमध्ये दोरा ओवून ठेवायची आणि भिंतीवरच्या फडक्यात ओळीने टोचून ठेवायची. संध्याकाळी टाके घालताना एक सुई संपली की दुसरी. सुईत दोरा ओवायला उजेड जास्त लागतो, टाका घालायला कमी, असं तिचं म्हणणं. अर्धे टाके तर ती बोटांनीच बघायची.

एका ठिकाणी जास्त दिवस मुक्काम पडला तर बॅटरी भरायची कशी, हा प्रश्न असायचा. ट्रकचं इंजिन दिवसमावळतीला वीस मिनिटं नुसतं चालवायचं, एवढ्यानं भागायचं. ते नाही भागलं तर बॅटरी काढून शहाद्याला चार्जिंगला न्यायची. एकदा अब्बांनी ती पोत्यात बांधून एसटीत चढवली. मी सोबत होते. कंडक्टरने विचारलं, “काय शे पोतामा?”

“बाजरी शे साहेब.”

प्रकाशाच्या पुलाच्या आसपास कंडक्टर परत आला आणि पायाखाली सांडलेल्या ॲसिडकडे बघून म्हणाला, “भाऊ, तुन्ही बाजरी टिपकी ऱ्हायनी. आन् मन्हा बूट जयी ऱ्हायना.”

अख्खी बस हसली. अब्बाही हसले. त्यांचे पुढचे दोन दात तेव्हा होते. त्यांचं तसं हसू मला या एकाच ठिकाणी नीट आठवतं.

आणि उतार. उतार सांगितल्याशिवाय आमचं घर कळणार नाही. बॅटरी दगा देणार हे अब्बांनी धरूनच ठेवलेलं असायचं. म्हणून मुक्कामाची जागा बघताना ते आधी पाणी बघायचे नाहीत, सावली बघायचे नाहीत, उतार बघायचे. ट्रकचं तोंड उताराकडे, मागे डबा जोडलेलाच, चाकांना दगड. सकाळी बॅटरीने नाही म्हटलं की दगड काढायचे, गाडी आपोआप गडगडते, गिअर टाकला की इंजिन पकडतं. तापीकाठचा आमचा मुलूख परातीसारखा सपाट. तिथे उतार शोधायला अब्बा कालव्याचे भराव, रस्त्याच्या कडा, नाल्याचे काठ हुंगत फिरायचे. लोक म्हणायचे, पिंजाऱ्याला काय झालं, वावरात बसून जमिनीला डोळा लावून काय बघतो?

त्यामुळे आमचं घर कायम तिरकं. निजताना डोकी चढाकडे, पाय उताराकडे, तरी सकाळपर्यंत आम्ही तिघं घसरत पायथ्याच्या भिंतीशी गोळा व्हायचो. दोऱ्याचं रीळ हातातून सुटलं की थेट दारातून बाहेर. अम्मीने पातेल्याखाली ठेवायला लाकडाची पाचर करून घेतली होती, तरी ती कुरकुरायची, “आठे दाय बी एकाच आंगले जास.” तिची पाठ दुखायची. चालताना ती सपाट रस्त्यावरही एका अंगाला कललेली दिसायची. मी तिची नक्कल करायचे आणि ती मला चापट मारायची. चापटीतही रुई असायची.

माझ्या तेराव्या वर्षी ब्राह्मणपुरीच्या एका पाटलांकडे लग्न निघालं. नवरीसोबत द्यायच्या सगळ्या गाद्या आणि रजया आमच्याकडे आल्या. पाटीलकाकूंनी सांगितलं की आमच्या खळ्यावरच उतरा, रुई पसरायला जागा मोठी आहे, पाणी जवळ आहे. खळं नुकतंच चोपून, शेणाने सारवलेलं. त्यावर गोटी ठेवली तर जागची हलणार नाही.

अब्बांनी खळं पाहिलं आणि मान हलवली. “सपाटवर मी गाडी लावत नही, बहीन. बॅटरी बठी गयी तं उतार जोयजे.”

“आते उतार काय मी घरमाईन आनू, भाऊ?” पाटीलकाकू म्हणाल्या.

सगळे हसले. अम्मी हसली नाही. ती डब्याच्या दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, “एकदाव तरी सपाट नीजू द्या मले. इतला वरीस व्हयनात, मी उतारवरच नीजस.”

अब्बा तिच्याकडे बघत राहिले. मग पेटी उघडून त्यांनी सहाही भोकांत नळी घालून पाहिली. सगळीकडे हिरवा. “चार-पाच दिन बॅटरी काढी लेई,” ते म्हणाले आणि ट्रक खळ्यावर घेतला.

त्या दिवशी अम्मीने काय केलं असेल, तर एक वाटी काठोकाठ पाण्याने भरली आणि डब्याच्या मध्यभागी ठेवून तिच्यासमोर मांडी घालून बसली. पाणी सगळ्या कडांना सारखं होतं. ती बराच वेळ बघत बसली होती. मला बोलावून दाखवलं, अब्बांना बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, “मन्हं आंगच हलकं व्हई गयं.” पुढचे तीन दिवस ती गुणगुणत होती. आमच्या घरात गुणगुणणं नवीन होतं, अब्बा दर वेळी मान वर करून बघायचे.

चौथ्या दिवशी दुपारी पाटलांच्या धाकट्या मुलीने मला एक कॅसेट दिली. ट्रकच्या केबिनमध्ये टेप होता. अब्बा आणि अम्मी खळ्याच्या दुसऱ्या टोकाला रुई पसरत होते, यंत्राच्या आवाजात त्यांना काही ऐकू येणार नव्हतं. डब्यातल्या खिळ्याला चावी असायची ती मी घेतली. केबिनच्या काचा वर केल्या. चावी अर्धी फिरवली की टेप चालतो, हे मला माहीत होतं. केबिनमध्ये डिझेलचा, तापलेल्या रेक्झिनचा आणि अब्बांच्या घामाचा वास होता. मी पाय वर घेऊन ती कॅसेट उलटसुलट किती वेळा ऐकली, कुणास ठाऊक. उन्हं कलली तेव्हा गाणाऱ्या बाईचा आवाज जाडसर झाला. मग पुरुषाचा झाला. मग एकेक शब्द ओढत ओढत निघू लागला. मला हसू आलं. मला वाटलं, कॅसेटची फीत सैल झाली. मी कॅसेट काढली, पेन्सिलीवर फिरवून फीत ताणली, आणि देऊन टाकायला पाटलांच्या घराकडे पळाले. चावी तशीच राहिली, अर्धी फिरलेली.

बॅटरी जन्मभर मापणाऱ्या मुलीला तो आवाज कळू नये, हे मला आजही पटत नाही. पण नाही कळलं.

त्या संध्याकाळी अब्बांनी इंजिन चालवलं नाही. नवरीची पांढरी रुई खळ्यावर मोकळी पसरलेली होती, धुराने ती काळी झाली असती. “सकायले चालाडसू,” ते म्हणाले. दिवेलागणीला अम्मी सुई हातात घेऊन म्हणाली, “उजेड कमी वाटस.” अब्बा म्हणाले, “काचवर रुई बठेल शे. पुसी टाक.” तिने पदराने बल्ब पुसला. म्हणजे बॅटरीचं आम्हा तिघांनाही सांगून झालं होतं. तिघांनीही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला अम्मी टाके घालता घालता गादीवरच कलली. काय झालं त्याला डॉक्टरांनी नंतर एक नाव सांगितलं होतं, ते मी लक्षात ठेवलं नाही. तिचा एक हात हलत होता, एक नाही. अब्बा ओरडले, “चावी आन!”

मी डब्यात गेले. खिळ्याला चावी नव्हती. त्या क्षणी मला सगळं कळलं. मी लगेच केबिनकडे धावले नाही. मी डब्यात उभी राहून चावी शोधायचं सोंग केलं. डबे हलवले, उशी उचलली, कुणी बघत नव्हतं तरी. मग मागच्या बाजूने जाऊन केबिनचं दार उघडलं, चावी उलटी फिरवून काढली आणि अब्बांच्या हातात नेऊन दिली. किती वेळ गेला असेल? एक मिनिट. दोन. मी त्याचा हिशोब लावायचा नाही असं ठरवलं आहे.

ट्रकने टक् असा आवाज केला. पुन्हा टक्. मग तोही नाही.

खळं सपाट होतं. पुरुषमाणसं वावरात गेलेली. पाटीलकाकू, लग्नाला आलेल्या बायका, अब्बा आणि मी, सगळ्यांनी डबा सोडवून ट्रक ढकलला. दमलेला गडी चालतो तसा तो चार पावलं चालला आणि खळ्याच्या कडेला मऊ मातीत चाक रुतवून बसला. बैल आणायला माणूस धावलं. बैलगाडी आली तेव्हा अब्बा अम्मीला उचलून घेऊन उभे होते. पाटीलकाकूंनी नवरीची भरत आलेली गादी ओढली आणि गाडीत टाकली. त्यांच्या घरातलं कुणीतरी काही बोललं असावं, कारण त्या म्हणाल्या, “नवरीनी शे तं काय व्हयनं! टाका खाले.”

शहाद्याच्या रस्त्यावर ती बैलगाडी मला आठवते. बैलांच्या शिंगांना रुई चिकटली होती. अम्मीच्या केसांत रुई होती. उघड्या शिवणीतून रुई बाहेर येत होती आणि मी ती बोटाने परत आत ढकलत होते. तेवढंच काम मी केलं. डांबरी रस्त्याला लागण्याआधी अब्बांनी गाडीवानाला सांगितलं, आता हळू चालव. मला वाटलं, अम्मीला धक्के बसतात म्हणून सांगितलं.

मी रडले नाही. लोकांनी रडवायचा प्रयत्न केला, बायका गळ्यात पडल्या. मला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचं नवल मात्र वाटत होतं. पायाला मुंग्या येऊन पाय आपला नसल्यासारखा होतो तसं ते होतं. मुंग्या उतरतात असं म्हणतात. मी मोठी झाले, शिकले, लग्न केलं, दोन मुलं झाली. मुलांच्या तापात रात्री जागवल्या, सगळं वेळच्या वेळी केलं. पण आतून ते तसंच राहिलं.

अब्बा मात्र बोलत राहिले. अम्मीच्या फातेहाला आलेल्यांना, गाद्या भरायला आलेल्यांना, चहाच्या टपरीवर, दवाखान्याच्या बाकावर. “मन्ही चूक शे. मी सपाट जागावर गाडी लावी.” कुणी म्हणायचं, चाचा, बॅटरी कधीही बसते. ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. ट्रक पुढे विकला. मग फोमच्या गाद्या आल्या, पिंजाऱ्याला कुणी बोलावेना. अब्बांनी डबा या प्लॉटवर आणला आणि एका बाजूच्या चाकांखाली विटा लावून तो तिरका केला. दिवसभर ते त्यात बसतात. निजायचंही त्यातच, मी कितीही ओरडले तरी. प्लॉटला वीज आहे, पण बल्ब बॅटरीचाच. एक संपली की दुसरी बॅटरी, ही सहावी की सातवी. आता तर पत्र्यावर एक सोलरची काळी पाटी आहे, माझ्या मुलाने बसवून दिलेली. बॅटरी आपोआप भरते, उतरतच नाही. सुरू करायला गाडी नाही. तरी शुक्रवारची आंघोळ चुकत नाही.

दर वेळी मी त्यांचं ते वाक्य ऐकलं आहे. दर वेळी मी शेजारी उभी होते. चहा देत होते, नाही तर मुलाचं नाक पुसत होते.

आज सामान फार निघालं नाही. दोन ट्रंका, स्टो, पिंजण यंत्राचे दात, रिकाम्या काचेच्या बाटल्या. मी वायरी सोडवल्या, अब्बांसोबत धुळ्याला न्यायची म्हणून बॅटरी दाराशी ओढली. अब्बा आत येऊन चढाच्या बाजूला फळीवर बसले. मी उताराच्या बाजूला, जमिनीवर. बाहेर पथारीवर बायका मिरचीचे देठ खुडत होत्या, त्यांच्या बोलण्याचा आणि मधूनच शिंकांचा आवाज येत होता.

“अब्बा,” मी म्हणाले, “त्या दिन चावी खिळावर नव्हती. गाडीमाच व्हती. आदला दिन दुपारले मी टेप लावेल व्हता. चावी अर्धी फिरेल ऱ्हायनी. बॅटरी मन्हामुळे बठी.”

बसमध्ये म्हटलं होतं तसंच सगळं म्हणून झालं. आवाज हलला नाही. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. टाचांच्या भेगांत तांबडी धूळ होती.

मग त्यांनी विचारलं, “कितला टाईम टेप चालना?”

“दुपारभर.”

ते मनात काही मोजत होते. मिस्त्रीसारखं डोकं, ते आधी तिकडेच जाणार. “नुसता टेपनी बठत नही,” ते म्हणाले. “चावी रातभर ऱ्हायनी व्हई. वरथून बल्ब. हां. त्यानी बठी.” मग थोड्या वेळाने, “तुले तेरा वरीस व्हतात.”

“व्हय.”

“कोनले सांगेल शे?”

“कोनलेच नही.”

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा रडतील, किंवा माझ्या डोक्यावर हात ठेवतील. तिन्हींसाठी मी तयारी केली होती. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. डोक्यावर हात ठेवला असता तर कदाचित मीही रडले असते, आणि खरं सांगायचं तर मी त्याच आशेने आले होते. बत्तीस वर्षांनी का होईना, ते चुकीचं ओझं माझ्याकडे येईल, माझं आहे म्हणून मी ते घेईन, आणि अब्बा मोकळे होतील. मला वाटत होतं मी त्यांना काहीतरी द्यायला आले आहे.

ते फळीवरून पुढे वाकले. त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता.

“देख,” ते म्हणाले, अगदी हळू, बाहेरच्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून. “रोज सांजले बल्ब लावस तवय मी तिले सांगस, मन्ही चूक व्हयनी, मी सपाट जागावर गाडी लावी. ती सांगस, मीच मांगेल व्हती, ऱ्हाऊ द्या. मंग मी सांगस, नही, मन्हीच चूक. इतलंच आम्हनं बोलनं शे. तीस वरीसथीन इतलंच.”

त्यांनी बल्बची सोडवलेली वायर उचलून बोटाला गुंडाळली.

“आते तू हाई चूक बी लई जाशी,” ते म्हणाले, “तं आज सांजले मी तिन्हासंगे काय बोलू?”